तो खिळा नव्हता

काळेवाडीतल्या आमच्या रस्त्यावर, फाट्याच्या अलीकडच्या वळणावर, दुपारचं ऊन कलायला लागलं की डांबर चमकतं. वाकून पाहिलं तर त्यात रुतलेले लोखंडाचे कण दिसतात. काही कुरळे, काही चपटे, काही नुसते ठिपके. भोसरीच्या वर्कशॉपांमधून लेथ मशीनवरचा कचरा भरून भंगाराचे टेम्पो निघतात, आमच्या वळणावरच्या गतिरोधकावर आदळतात आणि दर वेळी थोडं लोखंड मागे सांडून जातात. टायरांनी ते दाबून दाबून रस्त्यातच बसवलंय. माझ्या गॅलरीतून तेवढा रस्ता नदीसारखा दिसतो. जेवण झालं की मी खुर्चीत बसतो, डोळे अर्धे मिटतात आणि ती नदी वाहायला लागते.

तिच्या काठाला एक माणूस बसलेला असतो. समोर पाण्याचं घमेलं, हातात फुगवलेली ट्यूब. तो ट्यूब पाण्यात हळूहळू फिरवतो आणि कुठूनतरी बुडबुड्यांची माळ वर येते.

तो माणूस आता तिथे नाही. चाकणजवळ कुरुळीला आहे. पण इंटरनेटवर आमच्या रस्त्याचं नाव आणि पंक्चर असे दोन शब्द टाकले की तो अजून याच वळणावर सापडतो, रस्त्यात खिळे टाकणारा म्हणून. तो तसा सापडतो ते माझ्यामुळे. ते कसं झालं हे मी सांगितलं नाही तर दुसरं कुणी सांगणार नाही, कारण त्या दिवशी मला काय दिसलं होतं ते दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं.

मी आयुष्यभर फायनल इन्स्पेक्शनला होतो. म्हणजे मशीनवरून उतरलेला माल गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी शेवटचा तपासणारा. माझ्यापुढे तीन ट्रे असत. माल बरोबर असेल तर त्याच्यावर हिरव्या रंगाचा ठिपका द्यायचा, दुरुस्त होण्यासारखा असेल तर पिवळ्या ट्रेमध्ये, टाकाऊ असेल तर लाल. हिरवा ठिपका पडला की पुढे कुणी तपासत नसे. पेटी बंद होई, ट्रकमध्ये चढे, आणि तो तुकडा कुठल्यातरी गाडीच्या पोटात जाऊन बसे. मला कधीकधी गंमत वाटायची, की माझे हिरवे ठिपके या क्षणी देशभरच्या रस्त्यांवरून धावत असतील, कुणाला न दिसता. ठिपका देण्याआधी मी तुकडा बोटांत फिरवायचो, नखाने कड चाचपायचो. पुढेपुढे तर डोळे मिटूनही सांगू शकायचो की हा कुठल्या मशीनवरचा आहे आणि कापायचं हत्यार कुणी घासलंय.

निवृत्त झालो आणि सकाळी जायला जागा उरली नाही. मग मी उस्तादाकडे जाऊन बसू लागलो. सगळेच त्याला उस्ताद म्हणायचे. परभणीकडचा, चाळिशीतला, कमी बोलणारा. वळणावर ताडपत्रीचं छप्पर, एक कॉम्प्रेसर, एक बाकडं, पाठीमागच्या खोलीत बायको आणि मुलं. तो ट्यूब पाण्यात फिरवायचा आणि मी बुडबुड्यांची वाट बघायचो. तो तास कसा जायचा कळायचं नाही. पाण्यावर उन्हाचा तवंग, रबराचा वास, लांबून येणारा कारखान्याचा भोंगा. मला ती माझीच तपासणी वाटायची, फक्त पाण्यातली.

टायरमधून निघालेला प्रत्येक तुकडा तो बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. एकदा डबा माझ्यापुढे हलवून म्हणाला, "काका, तुमचा माझा धंदा एकच की. तुमचे लोक बनवायलेत, मी काढायलो."

मी हसलो. डब्यात बोट फिरवलं. खिळे थोडेच होते. बाकी सगळा लेथचा माल.

त्यातले काही तुकडे माझ्या ओळखीचे होते. माझ्या मुलाचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. तेव्हा भाड्याच्या गाळ्यात तीन मशीन होती. त्याच्याकडे सळईतून छोटे बुश, म्हणजे लोखंडी कड्या, कापायचं काम चालायचं. शेवटचा काप घेतला की सळईच्या टोकाला एक तुकडा उरतो, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने मधोमध काट्यासारखं टोक. ते टोक किती लांब राहील हे हत्यार कसं घासलंय त्यावर असतं. मुलाला हत्यार घासायला मीच शिकवलं होतं, जरा तिरकं, उमेदवारीच्या दिवसांत लेथवरच्या वस्तादाने मला शिकवलं तसं. ते टोक मी कुठेही ओळखलं असतं.

त्याच्या वर्कशॉपचा कचरा आमच्याच वळणावरून पलीकडच्या गोदामात जायचा. टेम्पोवर वरून काही झाकलेलं नसायचं. मी ते पाहिलं होतं. मुलाला बोलू बोलू म्हणत राहिलो आणि बोललो नाही. रविवारी तो जेवायला घरी यायचा तेव्हा दमलेला असायचा, नातीला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर झोपायचा. त्या वेळी टेम्पोचा विषय कुठे काढायचा.

मोबाइलवरचे ग्रुप नवे नवे आले तेव्हा आमच्या कॉलनीचाही एक निघाला. वेळ असलेला माणूस म्हणून मला ॲडमिन केलं. लोक वाटेल ते टाकायचे. उद्या पाणी येणार नाही, अमुक फळ खाल्लं की गुडघे बरे होतात, तमुक ठिकाणी मुलं पळवणारे फिरतायत. मला कारखान्याची सवय. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात फोन करायचो, ओळखीच्या डॉक्टरांना विचारायचो, आणि खरं निघालं तर त्या संदेशाखाली हिरवी खूण टाकायचो. खोटं असेल तर लाल. लोकांना ते फार आवडलं. कुणी काही टाकलं की खाली लगेच कुणीतरी लिहायचं, काकांचा शिक्का पडू द्या. खूण पडली की, पडला रे शिक्का, आता टाकी भरा. जिन्यात भेटले तरी तेच. बायको म्हणायची, कंपनीने सोडलं पण तुम्ही कंपनी सोडली नाही.

मग एका आठवड्यात वळणावर पंक्चर फार झाली. कॉलनीतल्या एका गृहस्थाच्या नव्या गाडीचं टायर दोनदा गेलं. दुसऱ्या खेपेला त्याने रस्त्यावरचे तुकडे वेचून तळहातावर घेतले, असा फोटो काढला की मागे उस्तादाचं छप्पर दिसावं, आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, पंक्चरवालाच रोज सकाळी खिळे टाकतो, डोळ्याने पाहिलंय, सावध राहा. त्याखाली दोघातिघांनी आणखी काही लिहिलं, उस्तादाच्या जातीधर्मावरून. मग कुणीतरी लिहिलं, काका, बघा जरा.

मी गॅलरीत होतो. दोन बोटांनी फोटो मोठा केला. तळहातावर पाच-सहा तुकडे होते आणि त्यांतला एकही खिळा नव्हता. मधला तुकडा एका बाजूने सपाट होता, दुसऱ्या बाजूने टोक. ते टोक जरा तिरकं.

इथे मला अगदी खरं लिहायचंय. मी गोंधळलो नव्हतो. मला फसवलं नव्हतं. मी तो तुकडा ओळखला. आणि त्याच क्षणी पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी लिहिणार की हा लेथचा कचरा आहे. लोक विचारणार, कुणाच्या लेथचा. कॉलनीत अर्धी माणसं भोसरीत कामाला, कुणीतरी काढणारच. मग तोच गृहस्थ टायरची भरपाई मागायला माझ्या मुलाच्या दारात. लाल खूण टाकली असती तरी हेच. काहीच टाकलं नसतं तर विचारत राहिले असते. मी मनाशी म्हणालो, हा आपला घरचा ग्रुप आहे. ओट्यावर चार जण बोलतात तसं. उद्या विसरतील. आणि हिरवी खूण टाकली.

मग मला झोप लागली. ती झोप मला आठवते, कारण फार छान लागली होती. स्वप्नात मी कारखान्यातच होतो आणि पट्ट्यावरून माल येत होता, एकसारखा, चकचकीत, आणि मी बघतही नव्हतो, नुसते ठिपके देत होतो.

उठलो तोवर ओट्यावरचं बोलणं गावात गेलं होतं. कुणीतरी तो संदेश माझ्या नावाच्या हिरव्या खुणेसकट उचलून आमच्या भागाच्या एका उघड्या पानावर टाकला. ते पान कुणीही बघू शकतं, पार चाकण-राजगुरुनगरपर्यंतचे लोक बघतात. तिथून काही जण नकाशावर गेले. नकाशावर उस्तादाच्या दुकानाची खूण होती, कुण्या गिऱ्हाइकाने कौतुकाने टाकलेली. तिच्याखाली एकामागून एक लोकांनी पाचातली एकच चांदणी देऊन लिहिलं, खिळेवाला, चोर, इथे थांबू नका. यातल्या बहुतेकांनी आमचं वळण कधी पाहिलंही नसेल.

दोन-तीन दिवसांनी मी नेहमीसारखा बाकड्यावर जाऊन बसलो. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. उस्ताद ट्यूब पाण्यात धरून बसला होता, पण फिरवत नव्हता. खाली बघतच म्हणाला, "काका, त्याच्यावर तुमची खूण हाय म्हनतेत."

"ते आपल्या आपल्यातलं आहे रे," मी म्हणालो. "कॉलनीचा ग्रुप तो. बाहेर कुठे जातोय."

"बाहेरच गेलंय की. सकाळी एक गिऱ्हाईक मोबाइलवर दाखवून गेला."

त्याने पुढे काही विचारलं नाही. तुकडे तुम्ही ओळखता ना, एवढं विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं हे मला आजही माहीत नाही. त्याने ट्यूब फिरवली, बुडबुडे आले, त्याने त्या जागी अंगठा ठेवला. काही दिवसांनी सकाळी पाहिलं तर छप्पर नव्हतं. घमेल्याच्या जागी ओला गोल होता. तोही दुपारपर्यंत वाळला.

त्यानंतर मी ग्रुपवर खुणा करायचं बंद केलं. डोळ्यांचं निमित्त सांगितलं. लोक म्हणाले, काका थकले.

वर्षं गेली. बायको गेली. मुलाचा गाळा जाऊन मोठं शेड झालं. ती मांडीवर झोपणारी नात शिकून हिंजवडीच्या एका कंपनीत लागली आणि काही दिवस घरूनच काम करू लागली. मुलाच्या घरी आवाज फार, म्हणून ती माझ्याकडे येऊन बसते. जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप, माझी औषधं आणि लोणच्याची बरणी शेजारी शेजारी असतात.

एकदा मी विचारलं की तू दिवसभर करतेस काय. तिने सांगितलं ते मला आधी नीटसं कळलं नाही. वेगवेगळ्या देशांनी आता इंटरनेटवरच्या सुरक्षिततेचे नियम केले आहेत. कुणी अपमान करतं, कुणी फसवतं, मुलांपुढे नको ते येतं, त्यासाठी. पण सगळ्या सेवांना एकच नियम लावून चालत नाही. म्हणून आधी ठरवावं लागतं की ही सेवा कुठल्या प्रकारात बसते. तिची कंपनी इतर कंपन्यांना हे ठरवून देते. ती वर्गीकरण करते.

"म्हणजे माझंच काम," मी म्हणालो. "ट्रे किती आहेत?"

तिला मजा वाटली. तिने लॅपटॉप सरकवला आणि स्वयंपाकघरातून वाट्या आणून टेबलावर मांडल्या. बाहेर दुपार होती, पंखा हळू फिरत होता, आणि ती एकेका वाटीवर बोट ठेवून सांगत होती. पहिल्या वाटीत दोन माणसांचं आपापसातलं बोलणं, फोन, ईमेल, जुने साधे संदेश. याला पुष्कळ ठिकाणी नियमांतून वगळतात, कारण कुणाचं टपाल कुणी फोडू नये. दुसऱ्या वाटीत अशा सेवा जिथे एक माणूस काहीतरी ठेवतो आणि दुसऱ्या माणसाला ते सापडतं. ही वाटी सर्वांत मोठी. ग्रुप असो, पान असो, व्हिडिओ असो, नकाशावरच्या चांदण्या असोत, सगळं यात येतं. तिसऱ्या वाटीत शोध. तो स्वतः काही ठेवत नाही, दुसऱ्यांनी ठेवलेलं काढून दाखवतो, पण काय वर दाखवायचं आणि काय खाली हे तोच ठरवतो, म्हणून त्याची जबाबदारी वेगळी. चौथ्या वाटीत वर्तमानपत्रासारखे, जे स्वतः लिहितात आणि स्वतः छापतात. शिवाय सेवा किती मोठी आहे हेही बघतात. लाखो लोक वापरत असतील तर कर्तव्यं वाढतात. आपल्याकडेही मोठ्यांना तक्रारी ऐकायला माणूस नेमावा लागतो, ती म्हणाली. देशादेशांत थोडा फरक आहे, आणि भांडणं तर रोज चालतात की हे इकडे की तिकडे.

"आबा, नाव बघायचं नसतं, काम बघायचं असतं," ती म्हणाली. "लोक म्हणतात आमचं नुसतं गप्पांचं ॲप आहे. पण त्यात एकाने टाकलेलं हजारांना दिसत असेल तर ते गप्पांचं राहत नाही."

मी दुसऱ्या वाटीकडे बघत होतो. तळाला थोडं पाणी राहिलं होतं आणि त्यात पंख्याची सावली फिरत होती. मी विचारलं, कॉलनीचा ग्रुप या वाटीत कसा. तो तर घरचा. ती म्हणाली, घरचा आहे पण दार उघडं आहे, शंभर जणांना किल्ली दिलेली. कुणीही उचलून दुसरीकडे नेऊ शकतं.

"आणि जो या वाटीतलं त्या वाटीत नेतो त्याचा प्रकार कुठला?"

"त्याचा प्रकार आम्ही ठरवत नाही," ती म्हणाली. "हे नियम सेवा चालवणाऱ्यांसाठी आहेत. माणसाचं माणसाने बघायचं."

मी तिला आमच्या रस्त्याचं नाव आणि पंक्चर असे शब्द टाकायला सांगितलं. का ते सांगितलं नाही. तिने टाकले. पहिल्याच ओळीत ते जुनं पान आलं. तळहात, तळहातावर तुकडे, मागे ताडपत्री, आणि खाली माझं नाव, त्याच्यापुढे हिरवी खूण. इतकी वर्षं ती तिथेच होती, तेवढीच हिरवी. कारखान्यातला रंगसुद्धा उन्हापावसात उडतो.

मग मी तिला सगळं सांगितलं. तिरकं हत्यारसुद्धा. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता वाट्या एकात एक घालत होती. शेवटची वाटी ठेवून म्हणाली, "बाबांना माहीत आहे?"

"नाही."

तिने मला एका शब्दाने दुखावलं नाही. लॅपटॉप पुढे ओढला आणि काम सुरू केलं. त्या दुपारी मला वर्गीकरणाचा खरा अर्थ कळला. प्रत्येक वाटीला वेगळं दार होतं. पानाच्या कंपनीकडे तक्रारीची जागा होती, तिथे लिहिलं की ही बदनामी आहे. नकाशावर प्रत्येक चांदणीखाली वेगळी तक्रार, आणि त्यांचं म्हणणं असं की दुकानदाराने स्वतः यावं. शोधवाल्यांचं म्हणणं, जे पानावर आहे तेच आम्ही दाखवतो, आधी पानावरून काढा. काही दिवसांनी पानाकडून उत्तर आलं की तपासलं, आमच्या नियमांत हे बसत नाही, काढता येणार नाही. ती चिडली. मला मात्र ते उत्तर ओळखीचं वाटलं. तपासणाऱ्यापुढे या सगळ्यातलं काय येणार? एक फोटो आणि एक हिरवी खूण.

"ग्रुपचं दार कुठे आहे?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तिथे दारात तुम्हीच बसलाय, आबा. अजून ॲडमिन आहात."

उस्ताद कुरुळीला आहे हे मला भाजीवाल्याकडून कळलं. भोसरीहून चाकणच्या बसने निघालो. मोशी गेलं, नदी गेली, आणि पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या लांबलचक भिंती सुरू झाल्या. खिडकीतून त्या इतक्या संथ सरकत होत्या की बसच उभी आहे आणि भिंती चालल्यात असं वाटावं. कुरुळी फाट्यापासून आत, कामगारांच्या खोल्या संपतात तिथे पत्र्याचं दुकान होतं. आत टायरांच्या चळती, बाहेर घमेलं. घमेलं तेच असावं असं मला वाटलं. सगळी घमेली सारखीच असतात.

तो म्हातारा झाला होता. दाढी पांढरी. मला बघून उठला, बाकड्यावरची धूळ फडक्याने पुसली. "बसा, काका. लई लांब आलात."

मी बसल्या बसल्याच सांगितलं. थांबलो असतो तर चहा आला असता आणि मग अवघड झालं असतं. तो तुकडा मी ओळखला होता. तो माझ्या मुलाच्या मशीनवरचा होता. तरी खूण टाकली.

त्याने फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. मग त्याने मला त्याचं आताचं सांगितलं. कंपन्यांच्या कामगारांना ने-आण करणाऱ्या बस आहेत. त्या बसच्या ठेकेदाराने टायरचं सगळं काम त्याला द्यायचं कबूल केलं होतं. मग ठेकेदाराच्या सुपरवायझरने विचारलं की आधी कुठे होतास. त्याने काळेवाडीचं वळण सांगितलं, आणि सुपरवायझरने त्याच्यासमोरच मोबाइलवर शोधलं. तेव्हापासून, बघतो म्हणतात. खिळे टाकणाऱ्याच्या हातात बसची चाकं कोण देईल.

"मला माहीत व्हतं, काका," तो म्हणाला. "डब्यात तेच तुकडे भरलेले व्हते. मला वाटलं, तुम्ही बोलताल."

मी माफी मागितली. त्याने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग म्हणाला, "माफी इथं मागू लालात, इथं कोन ऐकायलंय? जिथं खूण केली तिथं लिवा. अन् तुकडा कुनाचा ते लिवा. नुसतं चुकलं म्हनून लिवू नका."

मी मुलाकडे गेलो ते रविवारी. जाताना मनात वाक्यं तयार केली होती. त्यातलं एक होतं, तुझ्यासाठी केलं रे. मी सगळं सांगून त्या वाक्यापाशी आलो आणि ते म्हणालो.

मुलगा शेडच्या दारात उभा होता, हात तेलाने काळे. आत मशीन बंद होती. रविवारच्या वर्कशॉपमध्ये एक शांतता असते, तेलाचा वास खाली बसलेला असतो. त्याने हात पुसले नाहीत. म्हणाला, "माझ्यासाठी केलं असं म्हणू नका, दादा. मला विचारलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी टेम्पोवर ताडपत्री टाकली असती."

 इतकी वर्षं मी ज्या वाक्याला टेकून बसलो होतो ते त्याने सहज काढून घेतलं. मी कुणालाच वाचवलं नव्हतं. मला फक्त एक अवघड बोलणं टाळायचं होतं.

"लिहिताना तुझं नाव घालू का?" मी विचारलं.

"वर्कशॉपचं घाला. लोक येतील, चार शब्द बोलतील. ऐकून घेईन." थोडं थांबून म्हणाला, "एक तुकडा घेऊन जा फोटोला. अजून तसेच निघतात."

त्याच दुपारी गॅलरीत बसून मी लिहिलं. नातीने व्याकरण बघू का विचारलं, नको म्हणालो. तळहातावर मुलाच्या मशीनचा तुकडा ठेवून फोटो काढला, शेजारी जुना फोटो लावला आणि लिहिलं की हे दोन्ही एकच आहेत, हा खिळा नाही, हा आमच्या घरच्या वर्कशॉपचा कचरा आहे, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं, तरी मी खूण टाकली. ग्रुपवर टाकलं. मग उघड्या पानावर, त्या जुन्या फोटोच्या बरोबर खाली आणि वेगळंही.  ग्रुपवर पहिला संदेश आला तो, काका तब्येत बरी आहे ना. दुसरा, आता कशाला उकरून काढता. मग नव्या गाडीवाल्या गृहस्थाने लिहिलं की त्याने डोळ्याने पाहिलं होतं. मी विचारलं, काय पाहिलं होतं? तासाभराने त्याने पानावरचा तो जुना संदेश काढला; तिथे नेऊन टाकणारा तोच निघाला.  मला वर्षं लागली होती; तो माझ्यापेक्षा बरा वाटला.

शोधामध्ये अजून जुन्या गोष्टींचे अवशेष निघतात. नकाशावर बऱ्याच चांदण्या तशाच आहेत. नात म्हणते वेळ लागेल, वरखाली लावायचं काम यंत्र करतं. मी रोज जेवल्यावर ते दोन शब्द टाकून बघतो. कधी माझं लिहिलेलं वर असतं, कधी खाली.

परवा पुन्हा कुरुळीला गेलो होतो. दुकानासमोर वाटेत पंक्चर झालेली एक कामगारांची बस जॅकवर चढवलेली होती. ठेकेदाराचा तोच सुपरवायझर उभा होता, इथल्याच गावचा, गळ्यात ओळखपत्र. उस्तादाने चाकातून काहीतरी पकडीने ओढून काढलं. सुपरवायझर म्हणाला, "खिळा हाय का रं?" त्याच्या आवाजात तो जुना संशय होता. उस्तादाने तो फडक्याने पुसला. तुकडा माझ्या हातात ठेवला. "काका, बघून सांगा."

मी तो बोटांत फिरवला. नखाने कड चाचपली. ऊन होतं, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण बोटांना दिसत होतं.

"खिळा नाही," मी म्हणालो. "लेथचा तुकडा आहे. मागच्या वर्कशॉपांपैकी कुणाचातरी. टेम्पोतून सांडलेला."

"तुमाला कसं ठावं?"

"आमच्या घरचेही असेच सांडायचे."

सुपरवायझरने तुकडा घेतला, उलटापालटा केला, खिशात टाकला. "व्हय," म्हणाला. "मी बोलतो मालकाशी. न्हाई तर तुमी या संगं, सांगा त्यान्ला." मी येतो म्हणालो.

उस्ताद शेजारच्या टेम्पोची ट्यूब घेऊन खाली बसला होता. त्याने ती पाण्यात हळूहळू फिरवली. मी बाकडं जवळ ओढलं आणि बुडबुड्यांची वाट बघत बसलो.